प्रकाश देणारे रंग

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला. "रंग" असे मी सांगताच त्या म्हणाल्या, "अहो, आपल्या मानपाड्यात रंगाचे नाव काढले की बायका आधी खिडक्या लावून घेतात!" बोलणे थट्टेचे होते, पण खोटे नव्हते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीला लागून आपण राहतो. जानेवारी २०१४ मध्ये इकडे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला आणि खुद्द मुख्यमंत्री तो पाहून गेले. मे २०१६ आणि मे २०२४ मधल्या स्फोटांबद्दल मी काय बोलावे? कोणाच्या घरच्या काचा फुटल्या आणि कोणाच्या घरावर त्याहून मोठे संकट आले, हे आपल्या परिसरात सांगावे लागत नाही.

तेव्हा कारखान्यांची वकिली करण्यासाठी मी उभी नाही. मी स्वतः ३१ वर्षे रंग बनवले, पण एका प्रयोगशाळेत बसून. ते पोत्यांनी मोजायचे नव्हते, चिमटीने मोजायचे होते. कापडाला लावायचे नव्हते, माणसाच्या शरीरातल्या सूक्ष्म पेशींत काय चालले आहे ते दिसावे म्हणून त्यांत सोडायचे होते. रसायने पुष्कळशी तीच, कृतीही थोड्याफार फरकाने तीच. आपल्याला ह्या विद्येची एकच बाजू रोज नाकातोंडाला लागते, म्हणून दुसरी सांगावीशी वाटली.

आरंभ न्हाणीघरापासून करू. आपल्या आया-आज्या पांढऱ्या कपड्यांना नीळ देत. पुढे टिनोपॉल आले, राणीपाल आले. दोन्हींनी कपडा पांढरा दिसतो, पण दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नीळ हा साधा रंग. तो कपड्याचा पिवळेपणा गिळून टाकतो, आणि त्यापायी कपडा किंचित मंदही दिसतो. टिनोपॉलचा रेणू काही झाकीत नाही. उन्हात डोळ्यांना न दिसणारे जे अतिनील किरण असतात ते तो घेतो आणि त्यांच्या बदल्यात निळसर प्रकाश बाहेर टाकतो. म्हणजे धुतलेला सदरा दोरीवर खरोखरच थोडा उजळत असतो.

(येथे सभागृहातील दिवे मालवून नोटा तपासण्याचा जांभळा दिवा लावून दाखविण्यात आला.)

पाहिलेत? पांढरे काठ आणि पांढरी पोलकी कशी निळी पेटली! ही नोट पाहा, तिच्यातले आकडे चमकताहेत. ह्या बाटलीत स्पिरिटमध्ये कालवलेली हळद आहे, ती पोपटी दिसते. ह्या दुसरीत स्पिरिटमध्ये कुटलेला पालक आहे. त्याचा अर्क हिरवा, पण दिव्याखाली लाल. मागच्या रांगेतल्या आजी विचारताहेत की पालकात काही भेसळ आहे का. नाही आजी, पानाच्या हिरव्या द्रव्याचा तो स्वभावच आहे.

ह्या स्वभावाला शास्त्रात प्रतिदीप्ती म्हणतात. रेणू प्रकाश घेतो, क्षणभर चळतो, आणि घेतलेल्यातला काही भाग स्वतःकडे ठेवून बाकीचा परत करतो. परत केलेला प्रकाश थोडा अशक्त, म्हणून त्याचा रंग बदललेला. क्षणभर म्हणजे किती? सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतल्या चारपाच भागांत हा सारा व्यवहार उरकतो.

काजव्याची गोष्ट वेगळी. त्याला बाहेरचा प्रकाश लागत नाही, तो आपलेच तेल जाळतो. त्याच्या तेलाला ल्युसिफेरिन म्हणतात. १९४७ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मॅकएलरॉय मुलांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट देत आणि काजवे गोळा करवीत. १९६१ मध्ये ल्युसिफेरिनची घडण कळली आणि ते प्रयोगशाळेत बनवताही आले. आज कर्करोगाच्या संशोधनात गाठीच्या पेशींना काजव्याचा गुण देतात, उंदराला ल्युसिफेरिन टोचतात, आणि गाठ कोठवर पसरली ते अंधाऱ्या पेटीतला कॅमेरा बाहेरून पाहतो. गाठ मोजण्यासाठी दर वेळी उंदीर मारावा लागत नाही.

आता माझ्या आवडीच्या रंगाकडे येते. त्याचे नाव फ्लुओरेसिन. १८७१ साली जर्मनीत आडोल्फ फॉन बायर ह्यांनी तो प्रथम बनवला. त्याला दोन द्रव्ये लागतात. एक थॅलिक ॲनहायड्राइड. हे पूर्वी कपाटातल्या डांबरगोळीच्या नॅफ्थलीनपासून काढीत. दुसरे रेसॉर्सिनॉल, जे त्वचेच्या काही मलमांत पडते. दोन्ही एकत्र तापवली की वितळून लालसर तपकिरी गोळा होतो. त्यातला कणभर सोडा घातलेल्या पाण्यात टाका, सबंध भांडे हिरवे पेटते.

१८७७ साली ह्या रंगाने एक मोठा वाद मिटवला. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एके ठिकाणी जमिनीत मुरते. ते कोठे निघते? दक्षिणेकडच्या आख गावच्या झऱ्यात, असे काहींचे म्हणणे होते. नदीत दहा किलो फ्लुओरेसिन सोडले आणि सुमारे साठ तासांनी आखचा झरा हिरवा झाला. पाण्यात रंग सोडणे म्हटले की आपल्याला आपला नाला आठवतो. इथे मात्र तो जाणूनबुजून, मोजून आणि काहीतरी कळावे म्हणून सोडला होता.

डोळ्यांचे डॉक्टर हेच करतात. मधुमेह जुना झाला की डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. १९६१ साली अमेरिकेत इंडियाना येथे नोव्होटनी आणि अल्विस ह्या दोन तरुणांनी दंडातल्या शिरेत फ्लुओरेसिन टोचून निळ्या प्रकाशात पडद्याची छायाचित्रे घेण्याची रीत प्रसिद्ध केली. पहिला प्रयोग त्यांनी एकमेकांवरच केला होता, आणि छायाचित्र आले ते अल्विस ह्यांच्या डोळ्याचे. आपल्यापैकी ज्यांची ही तपासणी झाली असेल त्यांना आठवेल, टोचल्यावर दहापंधरा सेकंदांत रंग डोळ्यात पोहोचतो. मग वाहिन्या हिरव्या रेषांसारख्या उमटतात आणि जेथे गळती आहे तेथे डाग पसरतो. अलीकडे सुई न लावता पडद्याचे थर दाखवणारी यंत्रे आली आहेत, त्यामुळे ही तपासणी पूर्वीइतकी करावी लागत नाही. पण करायची झाली तर भिऊ नका. कातडी काही तास पिवळसर दिसते, लघवी दिवसभर गर्द पिवळी होते, काहींना क्षणभर मळमळते. तुम्हांला कशाची ॲलर्जी असेल तर ती मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

आता खरा प्रश्न. काही रेणू उजळतात आणि काही का उजळत नाहीत? दहावीची मुले प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकतात आणि चंचुपात्रातले पाणी गुलाबी होते. तो रंगही बायरनी त्याच वर्षी, त्याच थॅलिक ॲनहायड्राइडपासून बनवला. फक्त जोडीला रेसॉर्सिनॉलऐवजी फेनॉल घेतले. दोघे सख्खे भाऊच म्हणा ना! तरी एक उजळतो आणि दुसरा नुसता गुलाबी होऊन राहतो. फरक ऑक्सिजनच्या एका अणूचा. फ्लुओरेसिनमध्ये तो दोन कड्यांच्या मध्ये पुलासारखा बसतो आणि सारा सांगाडा ताठ धरून ठेवतो. फिनॉल्फ्थॅलीनला तो पूल नाही. त्याची कडी मोकळी, आणि मिळालेली शक्ती तो हातपाय झाडण्यात घालवतो, उजेडासाठी काही उरतच नाही. रेणू ताठ बांधायचा, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण.

पुढची पायरी म्हणजे नुसता उजळणारा नव्हे, काहीतरी ओळखून मग उजळणारा रेणू. त्याचे तीन भाग असतात: एक दिवा, एक पकडणारा हात आणि दोघांना जोडणारा दुवा. हात रिकामा असेल तोवर तो दिव्याची शक्ती चोरतो आणि दिवा विझलेला राहतो. हातात हवे ते द्रव्य आले की चोरी थांबते आणि दिवा लागतो. अमेरिकेतले रॉजर त्सिएन ह्यांनी पेशीतले कॅल्शियम दाखवणारे रेणू बनवले. त्यांतला फुरा-२ हा १९८५ सालचा. पेशीची भिंत तेलकट, आणि असा रेणू पाण्याचा सोबती. तो आत जाणार कसा? त्सिएननी त्याला तेलकट पांघरूण घातले. पांघरूण घेऊन तो भिंतीतून आत जातो. आत पेशीचे स्वतःचे पाचक रस ते काढून घेतात. मग त्याला परत बाहेर पडता येत नाही, आणि आपल्याला हवे असते ते हेच. समुद्रातल्या छत्रीमाशाच्या हिरव्या प्रथिनावरील कामासाठी २००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन ह्यांना मिळाले. शिमोमुरांनी वर्षानुवर्षे, पत्नी आणि मुलांना हाताशी घेऊन, सुमारे साडेआठ लाख छत्रीमासे पकडले. पारितोषिकावर नाव एकाचे येते, जाळी धरणारे हात घरातले असतात. पण ते असो.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचेच आहे असे समजू नका. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. अंकोना दत्ता ह्यांचा गट पेशीतले मँगनीज ओळखणारे रेणू बनवतो. मँगनीज कशाला, असे विचाराल. शरीराला ते कणभर लागतेच. पण जास्त साचले की मेंदूला अपाय होतो, आणि कंपवातासारखी लक्षणे दिसू लागतात. खाणीत आणि वेल्डिंगच्या धुरात काम करणाऱ्यांत हे पाहिलेले आहे. आपल्या भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत, आणि वेल्डर तर आपल्या गल्लोगल्ली आहेत. हे मँगनीज पेशीत कोठे साचते ते पाहावे कसे? ते हातात सैल बसते, शेजारी कॅल्शियमची गर्दी असते, आणि मँगनीजला दिवे विझवण्याची खोड आहे. जो विझवतो त्याच्याकडूनच दिवा लावून घ्यायचा, असे हे काम. ते साधले ह्याचे मला फार अप्रूप वाटते.

असा रेणू बनतो कसा, हे विचारणारे थोडे, म्हणून मीच सांगते. कागदावर आकृती काढायला दुपार पुरते. मग सहा, आठ, कधी दहा पायऱ्या. एकेका पायरीला द्रव्ये काचेच्या चंबूत घालायची, हवा लागू नये म्हणून वर नायट्रोजन सोडायचा, रात्रभर ढवळत ठेवायचे. सकाळी त्यात हवे ते एक आणि नको ती पाच द्रव्ये तयार! ती वेगळी करायला उभ्या काचेच्या नळीत पिठीसारखी पांढरी सिलिका भरायची, वर आपले मिश्रण ओतायचे आणि द्रावक हळूहळू खाली सोडायचा. ह्याला आम्ही कॉलम चालवणे म्हणतो. टीपकागदावर शाई पसरली की तिच्यातले रंग फुटतात, तसे इथे पट्टे पडतात: आधी पिवळा, मग केशरी, मग आपला. एकेक पट्टा वेगळ्या परीक्षानळीत धरायचा. पट्टा नळीच्या टोकाशी येत असेल तेव्हा जेवायला उठता येत नाही. चुलीवर पाक ठेवून दारात गप्पा मारता येतात का? तसेच आहे ते.

पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आम्हांला रोज लागे, कारण उजेडात राहिला तर उजेड देणारा रेणूच विटतो. शुद्धतेची तर फारच काळजी. शंभरातला एखादा भाग दुसऱ्या झगझगीत द्रव्याचा राहिला तर आपला दिवा लागला की त्याचा, हे कळायचे नाही, आणि पुढचा सारा प्रयोग फसायचा. पदरात किती पडते त्याचा हिशोब करा. दर पायरीला शेकडा सत्तर माल हाती आला तर आम्ही पेढे वाटावे. तरी आठ पायऱ्यांनंतर शंभरातले सहासुद्धा पुरते उरत नाहीत. एवढे करून तो रेणू पेशीवाल्यांच्या हातात दिला की त्यांचा पहिला प्रश्न, "पाण्यात विरघळतो ना?" पुष्कळदा विरघळत नसे. पाण्यात रेणू एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि गर्दीत सगळेच विझतात. मग पुन्हा कागद आणि पेन्सिल.

ह्या खटाटोपाचा आपल्या घराशी संबंध काय? मुंबई-ठाण्याकडे क्षयाचा रोगी नाही अशी वस्ती मला दाखवा. क्षयाच्या जंतूंना मेणासारखे आवरण असते. थुंकीच्या काचेवर ऑरामिन नावाचा पिवळा रंग दिला की तो त्या मेणात मुरतो, आणि निळ्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली जंतू काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी काड्यांसारखे दिसतात. जुन्या लाल रंगाच्या रीतीत तपासणाऱ्याला एकेक कोपरा मोठा करून शोधावा लागे. ह्या रीतीत कमी वेळात जास्त भाग नजरेखालून जातो.

त्याच्याही पुढची तपासणी म्हणजे दवाखान्यात जिला सीबीनॅट म्हणतात ती. तिच्यातले रेणू १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर ह्यांनी प्रसिद्ध केले. केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला धागा; एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला दिवा विझवणारी काजळी. दुमडलेला असेपर्यंत अंधार. क्षयजंतूच्या जनुकातली जोडीची अक्षरे भेटली की आकडा उघडतो, टोके दुरावतात आणि दिवा लागतो. रिफाम्पिसिन हे औषध त्या जंतूवर चालेल की नाही हेही दोन तासांच्या आत समजते. पूर्वी जंतू वाढवून हे पाहायला आठवडे लागत, आणि तोवर रोगी चुकीचे औषध घेत घरातल्यांत वावरे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र असेच प्रकाशाने उत्तर देते. ते बॅटरीवर चालते, म्हणून वीज जाणाऱ्या गावातही नेता येते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयासाठी त्याची शिफारस केली.

आणि २०२०-२१ मधली ती 'सीटी व्हॅल्यू' कोण विसरेल? फोनवर आपण एकमेकींना आकडे सांगत होतो. नाकातल्या नमुन्यातला विषाणूचा अंश यंत्रात फेरी-फेरीने दुप्पट करीत नेतात, आणि कितव्या फेरीला प्रकाश ठरलेल्या रेषेच्या वर आला, तो हा आकडा. लवकर उजळला म्हणजे विषाणू जास्त. त्या नळीतला दिवाही कोणीतरी कॉलमपाशी उभे राहून बनवलेला होता.

आता एका मैत्रिणीने परवा वाटेत विचारलेल्या प्रश्नाकडे वळते. तिची मुलगी बारावीनंतर रसायनशास्त्र घेते म्हणते, आणि घरचे म्हणतात, एवढा वास आणि एवढे स्फोट पाहूनही त्यातच जायचे? घरच्यांचे भय खोटे नाही आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. पण भय रसायनाचे धरायचे की निष्काळजीपणाचे, हे मुलीला शिकून ठरवू द्यावे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला जुनी माणसे अजून यूडीसीटी म्हणतात, मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून १९३३ साली निघाली. तिचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगांचेच जाणकार. कृत्रिम रंगांच्या रसायनावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून खंडाखंडाने निघाला आणि जगभर वापरला गेला. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. माटुंग्याला प्रा. एन. सेकर ह्यांच्या गटाने उजेड देणाऱ्या रंगांवर पुष्कळ काम केले आहे. डोंबिवलीहून धीम्या लोकलने जाण्याइतके हे जवळ आहे.

मुलगी पुढे कोठेही कामाला लागली तरी पहिल्या दिवशी तिने पगाराआधी दोन गोष्टी पाहाव्यात. वाफा ओढून घेणारे फ्यूम हूड चालू आहे की त्यात खोकी रचली आहेत? आणि उरलेली द्रव्ये जातात कोठे? आमच्याकडे मोरीत थेंब ओतायची बंदी होती. क्लोरीनची द्रव्ये एका बाटलीत, बिनक्लोरीनची दुसरीत, धातूंची तिसरीत. प्रत्येकीवर चिठ्ठी आणि तारीख, आणि महिन्याच्या महिन्याला त्या मोजून रवाना. कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी तळोज्याला सामाईक केंद्र आहे. तेथे माल पाठवायला पैसे पडतात, नाल्यात सोडायला पडत नाहीत. आपला नाला रंगीत होतो त्याचे कारण रसायनशास्त्रात शोधू नये, ह्या हिशोबात शोधावे. रंगीत पाणी दिसले तर नुसते नाक दाबून पुढे जाऊ नका. वेळ आणि जागा लिहून, छायाचित्र काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाकडे तक्रार द्या. एकीने देण्यापेक्षा मंडळाच्या नावाने दिली तर बरे.

जांभळा दिवा मी टेबलावर ठेवते. चहा होईपर्यंत ज्यांना आपला पदर, नोट किंवा डब्यातली हळद पाहायची असेल त्यांनी पुढे यावे. मुलांच्या डोळ्यांवर मात्र तो धरू नये.